शहर सोडून गावी जायचंय, कोंबड्या पाळायच्यात? आधी १० कोंबड्यांचं गणित समजून घ्या

धुक्यातली सकाळ, कौलारू घर, अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आणि टोपलीत गावरान अंडी. मोबाइलवर असे रील्स पाहिले की दीड तासाचा प्रवास करून ऑफिस गाठणाऱ्या कुणालाही वाटतं, 'बस झालं, आता गावी जाऊ.' घरून काम करण्याची सोय मिळालेले अनेक जण तर खरोखरच हा विचार करत आहेत. गावी जाऊन पहिलं काय करायचं, याचं उत्तरही बहुतेकांकडे तयार असतं : कोंबड्या पाळू.

उत्तर चुकीचं नाही. जागा कमी लागते, भांडवल कमी लागतं आणि सहा महिन्यांत अंडी सुरू होतात. २०१९ च्या २० व्या पशुगणनेनुसार देशात परसातल्या कोंबड्या व इतर पक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी होती आणि २०१२ च्या तुलनेत ती जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे मोठमोठ्या पोल्ट्री शेडच्या काळातही अंगणातली कोंबडी टिकून आहे.

प्रश्न इतकाच, की ती तुमचा पगार भरून काढेल का? आणि रील्समध्ये दिसतं तितकं ते निवांत असतं का?

खर्च आणि उत्पन्न : १० कोंबड्यांचा हिशेब

दर प्रत्येक भागात वेगळे असतात. त्यामुळे इथे काही आकडे गृहीत धरू. तुम्ही तुमच्या गावचे दर टाकून हाच हिशेब करू शकता.

- अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. १० कोंबड्यांना महिन्याला ३३ किलो.
- खाद्य ४० रुपये किलो धरलं, तर महिन्याचा खर्च १,३२० रुपये.
- सुधारित जातीची कोंबडी वर्षाला १५० अंडी देते असं धरलं, तर १० कोंबड्यांची महिन्याला १२५ अंडी.
- अंडं १० रुपयांना विकलं, तर उत्पन्न १,२५० रुपये.

म्हणजे सगळं खाद्य विकत आणलं, तर महिन्याला ७० रुपये तोटा. निम्मं पोट कोंबड्यांनी बाहेर फिरून किडे, गवत, सांडलेलं धान्य आणि घरातलं उरलंसुरलं खाऊन भरलं, तर खाद्याचा खर्च ६६० रुपयांवर येतो आणि हातात ५९० रुपये उरतात. एका अंड्यामागे पाच रुपयांपेक्षाही कमी.

आता याच हिशेबाने महिन्याला २० हजार रुपये मिळवायचे, तर महिन्याला ४,२०० हून जास्त अंडी हवीत. त्यासाठी सुमारे ३४० कोंबड्या लागतील. ३४० कोंबड्यांना दिवसाला सुमारे ३७ किलो खाद्य लागतं आणि इतक्या कोंबड्यांचं निम्मं पोट एका अंगणात भरत नाही. इथे परसातलं कोंबडीपालन संपून धंदा सुरू होतो. त्याला शेड, पाणी, मनुष्यबळ आणि बाजारपेठ लागते.

थोडक्यात, १० कोंबड्या घरच्यांना चांगली अंडी, परसबागेला खत आणि थोडाफार वरखर्च देतात. पगार देत नाहीत.

कोणती जात घ्यावी?

- स्थानिक गावरान : वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी. अंडी कमी, पण काटक, चपळ आणि खुडूक बसून पिल्ले काढणारी.
- वनराजा आणि ग्रामप्रिया : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी विकसित केलेल्या जाती. वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी.
- गिरिराज : बेंगळुरूमध्ये विकसित झालेली, वजनदार आणि महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुळलेली जात.
- कडकनाथ : मूळ मध्य प्रदेशातील झाबुआ भागातली. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भाव चांगला, पण वाढ सावकाश आणि अंडी कमी.

सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे गावातले जाणकार त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली बसवतात. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवली, की २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. अंडी खाण्यापुरती हवी असतील तर कोंबड्याची गरज नसते. पिल्ले काढायची असतील तरच तो लागतो.

कडकनाथबाबत एक सावधगिरी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी 'पिल्ले घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने विकत घेऊ' अशा योजनांत फसवणूक झाल्याच्या तक्रारी केल्या होत्या. खरेदीची हमी देणारा माणूसच पिल्ले आणि खाद्य विकत असेल, तर दोनदा विचार करा.

पिल्ले आणल्यावर पहिले चार आठवडे

सर्वाधिक मरतुक याच काळात होते. पिल्ले शक्यतो शासकीय अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या हॅचरीतून घ्यावीत. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. बाजारात रंगवून विकली जाणारी पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतली नर पिल्ले असतात. त्यांच्याकडून अंड्यांची अपेक्षा ठेवू नका.

नर-मादी वेगळी न केलेली पिल्ले घेतली, तर साधारण निम्मे नर निघतात. त्यात थोडी मरतुक धरली, तर २५ पिल्लांतून शेवटी १० ते ११ कोंबड्या हाती लागतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. नंतर दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत जायची. दर पिल्लामागे दोन वॅट हा ढोबळ नियम आहे. म्हणजे २५ पिल्लांना ६० वॅटचा एक बल्ब. मात्र तो जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब हवा. एलईडी उजेड देतो, पुरेशी ऊब देत नाही. गावात रात्री वीज गेली तर काय, याचीही सोय आधी करा.

थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकावर एक गोळा झाली, तर थंडी वाजतेय. लांब पळून चोच उघडी ठेवून बसली, तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरली, तर ठीक.

खुराडं कसं असावं?

रात्रीच्या मुक्कामासाठी एका कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा धरा. १० कोंबड्यांना चार बाय पाच फुटांचं खुराडं पुरतं. दिवसा त्या बाहेर फिरणार. कोकणासारख्या पावसाच्या भागात ते जमिनीपासून फूट-दीड फूट उंच हवं. आत बसायला दांडी, चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोकं आणि खाली भाताचं तूस. तूस कोरडं राहिलं पाहिजे. ओलसर खुराड्यात रक्ती हगवण लवकर पसरते.

जाळीत पैसे वाचवू नका. बाजारात मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली तर साप आणि मुंगूसही अडतात. दिवसा लहान पिल्लांना घार आणि कावळ्यांचा धोका असतो, रात्री रानमांजराचा. साप, मुंगूस, घोरपड हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना मारणं गुन्हा आहे. उपाय एकच : दिवस मावळताना कोंबड्या मोजून आत घेणं आणि दार लावणं.

लसीकरण टाळलं तर?

गावात ज्याला मानमोडी म्हणतात, तो राणीखेत रोग आला तर दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होऊ शकतं. त्यावर उपचार नाही, फक्त लस आहे. साधारण वेळापत्रक असं :

- पहिला दिवस : मरेक्सची लस (हॅचरीतच दिली जाते, खात्री करून घ्या)
- ५ ते ७ वा दिवस : राणीखेत (लासोटा)
- दुसरा आठवडा संपताना : गंबोरो
- चौथा आठवडा : लासोटाचा दुसरा डोस
- ६ ते ८ आठवडे : देवी आणि राणीखेतची आर-टू-बी लस

आपल्या भागासाठी नेमका क्रम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावा. खरी अडचण वेगळीच आहे. एका कुपीत बहुधा १०० किंवा त्याहून जास्त डोस असतात, ती थंड ठेवावी लागते आणि लस कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. १० कोंबड्यांसाठी एकट्याने हे करणं परवडत नाही. म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण करणं सोयीचं पडतं. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल, तर तुमच्याही कोंबड्या धोक्यात असतात.

बर्ड फ्लूचंही भान हवं. भारतातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट केले जातात आणि त्यातून परसातल्या कोंबड्याही सुटत नाहीत. अचानक अनेक पक्षी मेले तर त्यांना उघड्यावर टाकू नका आणि हात लावू नका. दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

आणि ती शांतता?

कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि तो फक्त तुमच्यासाठी आरवत नाही. कोंबड्यांना रविवार नसतो. सकाळी दार उघडणं, पाणी बदलणं आणि संध्याकाळी दार लावणं, हे रोज कुणीतरी करायचंच. दोन दिवस लग्नाला जायचं तरी शेजारच्या काकूंना सांगून जावं लागतं. त्यामुळे गावात माणसं जोडलेली नसतील, तर कोंबड्याही टिकत नाहीत.

आणखी एक प्रश्न आधीच घरात बोलून घ्या. जास्तीच्या कोंबड्यांचं काय करणार? दुसऱ्या वर्षानंतर अंडी कमी होत जातात, पण कोंबडी त्यानंतरही काही वर्षं जगते. विकायची, खायची की सांभाळायची, हे नाव ठेवण्याआधी ठरलेलं बरं.

जमीन घ्यायची असेल तर

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट आणि शेतजमीन कायद्यातली ही अट अनेकांना व्यवहार ठरल्यावर कळते. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव आहे का, हे आधी तपासा. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये अनुदान आहे. पण ते किमान एक हजार पैदास पक्ष्यांच्या प्रकल्पासाठी. १० कोंबड्यांच्या भरवशावर त्याचा विचार नको.

मग सुरुवात कशी करावी?

- आधी एक पावसाळा गावात राहून पाहा. नेटवर्क, वीज, दवाखाना आणि रस्ता यांची परीक्षा तेव्हाच होते.
- नोकरी किंवा उत्पन्नाचा दुसरा मार्ग सुरू ठेवा. अंडी सुरू होईपर्यंत साडेपाच-सहा महिने फक्त खर्च असतो.
- पावसाळा संपल्यावर २५ पिल्लांपासून सुरुवात करा.
- पहिल्या दिवसापासून वहीत खाद्य, अंडी आणि मरतुक लिहा.
- एक वर्षानंतर वही पाहून संख्या वाढवायची की नाही, ते ठरवा.

गावी राहण्याची सोय आधी आणि कोंबड्या नंतर, हा क्रम पाळला तर १० कोंबड्या आनंद देतात. क्रम उलटा झाला, तर त्याच १० कोंबड्यांवर अख्ख्या घराच्या खर्चाचा भार पडतो आणि तो त्यांना पेलत नाही.