कळकाचे घर

कळकाचे नाव काढले की मांडव, शिडी आणि बुरुडाची सुपे डोळ्यांपुढे येतात. राहत्या घराचा खांब म्हणून त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कळीक म्हणजे चार पावसाळ्यांचा सोबती, असा आपला समज. माझाही तोच होता.

एका खेड्यातील शाळेत असताना मी ऐन श्रावणात ओले कळक तोडवून पडवी उभारली. खांब सरळ मातीत पुरले. तिसऱ्या वर्षी ती कोसळली. सुदैवाने तो सुटीचा दिवस होता. मी कळकास दोष दिला. पण पुढे चौकशी करता अपराध माझाच ठरला.

बांबू हा वृक्ष नव्हे, गवत होय. कोंब एकाच मोसमात पूर्ण उंची गाठतो, तीन-चार वर्षांत काठी पक्की होते, आणि ती तोडली तरी बेट पुन्हा फुटते. सागास मात्र अनेक दशके लागतात. शिवाय कळकाचे चिवट तंतू सालीजवळ दाट असतात. वाकताना ताण पडतो तो तेथेच. पेरांच्या गाठींमुळे पोकळ नळी चेपत नाही.

मग घात कशाने होतो? कळकातील पिष्टावर भुंगेरे पोसतात आणि ओलीने बूड कुजते. म्हणून पक्का कळीक पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडावा. जुने लोक तो काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत, ते पिष्ट निघून जावे म्हणून. आता टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात भिजवितात. खांब दगडी बैठकीवर ठेवावा, वळचण लांब काढावी. खिळा ठोकू नये, कळीक उभा चिरतो. भोक पाडून बोल्ट घालावा.

गगनबावडा, शाहूवाडीकडील कुडाच्या भिंती आपण पाहिल्या असतील. अशा हलक्या घरास भूकंपाचा हिसका कमी बसतो. १९९१ साली कोस्टा रिका देशातील मोठ्या भूकंपात बांबूची नवी घरे उभी राहिली. १९६७ चा कोयनेचा धक्का अनुभवलेल्या आपल्या मुलखाने हे ध्यानी घ्यावे. भारतीय मानक ब्यूरोनेही २०१२ साली बांबूच्या बांधकामाचे नियम प्रसिद्ध केले आहेत.

तेव्हा कळीक घेताना विक्रेत्यास दोन प्रश्न अवश्य विचारा: काठी किती वर्षांची, आणि तोडली कोणत्या महिन्यात? मी ते विचारले नव्हते.