कल्ल्यांत अडकलेले मणी

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात टॅनिस नावाचं उत्खननस्थळ आहे. तिथल्या खडकात स्टर्जन आणि त्यांचे भाऊबंद पॅडलफिश एकमेकांवर लोटल्यासारखे पडलेत. अनेकांच्या कल्ल्यांत बारीक गोल मणी अडकलेत, शरीरात पुढे कुठेच नाहीत. म्हणजे हे मासे जिवंतपणी, श्वास घेता घेता गाडले गेले.

मणी आले मेक्सिकोकडून. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी चिक्शुलूब इथे अशनी आदळली. वितळलेला खडक आकाशात उडाला आणि काचेचे थेंब होऊन बरसला. टॅनिस तिथून सुमारे ३००० किलोमीटर दूर. त्सुनामीला तिथवर यायला कित्येक तास लागले असते, पण भूकंपलहरी काही मिनिटांत पोचल्या असणार. त्यांनीच तिथलं पाणी उसळवलं, असं संशोधक मानतात. २०११च्या जपानच्या भूकंपानंतर थेट नॉर्वेच्या फ्योर्डांतलं पाणी असंच डचमळलं होतं!

मला थक्क करतो तो यापुढचा भाग. स्टर्जनच्या छातीच्या पराला पुढच्या बाजूला जाड हाडाचा काटा असतो. खोडातल्या वलयांसारखे त्यात थर साचतात: उबदार महिन्यांत जाड, हिवाळ्यात वाढ थांबल्याची बारीक रेघ. आजच्या स्टर्जनचं वयही याच काट्यावरून मोजतात. पुराजीवशास्त्रज्ञ मेलनी ड्युरिंग आणि सहकाऱ्यांनी टॅनिसच्या स्टर्जनचे काटे आणि पॅडलफिशच्या जबड्याची हाडं फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या क्ष-किरणांखाली तपासली. प्रत्येक माशात हिवाळ्याची रेघ पूर्ण झालेली आणि नवा थर नुकता सुरू झालेला. २०२२ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: अशनी आदळली तेव्हा उत्तर गोलार्धात वसंत होता.

त्याच युगात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा कातळ त्यातलाच. डायनोसॉरांच्या अंतात अशनीबरोबर त्याचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण ते उद्रेक लाखो वर्षं चालले, त्यांना ऋतू विचारता येत नाही. या माशांना विचारता येतो, म्हणून त्यांचं मोल मला फार वाटतं.

वसंत म्हणजे उत्तर गोलार्धातल्या बहुतेक प्राण्यांचा विणीचा हंगाम. दक्षिण गोलार्धात तेव्हा शरद होता. बिळांत शिरू लागलेले जीव कदाचित त्यामुळेच अधिक वाचले असावेत, असं ड्युरिंग यांच्या गटाने सुचवलंय. ते पटण्यासारखं आहे, पण दक्षिणेकडून इतका तपशीलवार पुरावा अजून हवा.

२०२३ साली टॅनिसच्या स्टर्जनांतून दोन नव्या जाती वर्णन केल्या गेल्या. दोन्ही नामशेष झाल्या आहेत, पण त्यांची प्रजाती अॅसिपेन्सर, आजही नद्यांत पोहणाऱ्या स्टर्जनांचीच.