मारुती ८०० चं इंजिन घरी जोडताना: आधी मापं, मग पाने

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना लोकलमध्ये हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत.

गेले काही महिने माझ्या स्टोरीजमध्ये काळे हात आणि सुटे पिस्टन बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, गाडीचं इंजिन खरंच घरी करता येतं का?" येतं. पण सगळं घरी होत नाही. कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं बोरिंगवाल्याकडे पाठवायचं, हे मापं सांगतात. आजचा भाग त्यावरच आहे.

गाडी कुठली, आणि एवढा खटाटोप का

आमची १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. इंजिन एफ८बी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. बोर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, ७९६ बरोबर येतात. ही गाडी बनणं २०१४ मध्ये थांबलं, पण पुण्यात नाना पेठेत फिरलात तर स्पेअर अजून मिळतात.

गाडी ऑइल खायला लागली होती. चढावर मागे निळा धूर. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी फिटनेस तपासतात. धूर काढणारी गाडी घेऊन तिथे उभं राहायचं कसं? बाबा म्हणाले, "भंगारात दे आता." मेकॅनिककाका म्हणाले, "फुल इंजिन काम करा." दोघंही अनुभवाने बोलत होते, पण आकडा कुणाकडेच नव्हता.

खोलण्याआधी: कॉम्प्रेशन टेस्ट

म्हणून पहिलं काम हे. इंजिन गरम करा, सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशनची वायर सोडवा. कॉम्प्रेशन गेज एकेका सिलिंडरला लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि स्टार्टर मारा. माझ्याकडे दोन सिलिंडर जवळपास सारखे आले, तिसरा बराच खाली.

मग खालच्या आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा तीच टेस्ट. ऑइल रिंगच्या फटी थोडा वेळ बुजवतं. आकडा चढला तर दोष रिंग किंवा बोरमध्ये. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील, तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलं असण्याची शक्यता जास्त. माझा आकडा चढला. म्हणजे नुसतं हेड उघडून भागणार नव्हतं.

खोलताना: कुठला भाग कुठे होता

कोडिंगवाल्यांना हे पटकन कळेल. इंजिनचे भाग दिसायला सारखे असतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कनेक्टिंग रॉडची कॅप आणि क्रँकची मेन कॅप जागेवर बसवूनच त्यांचं भोक कारखान्यात कापलेलं असतं. एकाची कॅप दुसऱ्याला लावली किंवा उलटी लावली, तर भोक नीट गोल राहत नाही आणि बेअरिंग जातं. म्हणून काढण्याआधी खुणा करा, व्हिडिओ काढा. बोल्टसाठी अंड्यांचे ट्रे एकदम मस्त.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सैल करायचे. हेड ॲल्युमिनियमचं आहे. एका बाजूने सोडवत गेलात तर ते वाकू शकतं. बसवताना क्रम उलटा, मधून बाहेर.

बोर मोजणं: इथे निर्णय होतो

बोर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते, तिथे झीज सगळ्यात जास्त. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजायचं. तीन सिलिंडरची १८ मापं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. आपला केसही साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे बोटाने चाचपून काही कळणार नाही.

मापं मॅन्युअलच्या मर्यादेत असतील तर घरी होनिंग करून नव्या रिंग चालतात. माझी मर्यादेबाहेर होती, म्हणून ब्लॉक बोरिंगवाल्याकडे. ते काका पहिलं वाक्य बोलले, "आधी पिस्टन आण, मग बोर करतो." बरोबर आहे, बोर हातातल्या पिस्टनच्या मापाने कापायचा असतो. ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन घेतले तर बोर ६९ मिमी आणि इंजिन जवळपास ८०८ सीसी होतं. पॉवरमध्ये फरक जाणवत नाही, मित्रांना सांगायला बरं वाटतं.

आणखी एक. जुना ब्लॉक वाचला की इंजिन नंबर तोच राहतो. दुसरा ब्लॉक टाकला तर आरसी बुकातला नंबर बदलून घ्यावा लागतो.

जोडताना: घाई नको

बोरिंगहून आलेला ब्लॉक चकाचक दिसतो, पण होनिंगची बारीक पूड त्यात अडकलेली असते. नुसत्या रॉकेलने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून बोर पुसा. फडकं काळं होतंय तोवर पुन्हा धुवा. धुऊन झालं की लगेच कोरडं करून ऑइल लावा, नाहीतर बिडावर गंज चढतो.

प्रत्येक रिंग त्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट फिलर गेजने मोजा. फट फार कमी असेल तर रिंग गरम होऊन फुगते, टोकं एकमेकांना भिडतात, बोरवर ओरखडे पडतात. पिस्टनवर चढवताना तिन्ही रिंगच्या फटी एका रेषेत आणू नका.

माझा सगळ्यात आवडता नियम: प्रत्येक पिस्टन बसवला की क्रँक हाताने फिरवून बघा. दोन पिस्टनपर्यंत फिरत होता आणि तिसऱ्याला अडला, तर दोष कुठे शोधायचा ते लगेच कळतं. छोटा बदल, लगेच टेस्ट.

बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलच्या आकड्यावर. आपण लावलेल्या जोराचा बहुतेक भाग घर्षणातच जातो, आणि थोडाच बोल्टला ताणतो. आटे मळलेले असतील तर रेंच 'टक' करतो, पण बोल्ट ढिलाच असतो. म्हणून आटे आधी साफ करायचे.

शेवटी टायमिंग. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. खुणा जुळवून बेल्ट चढवा, आणि चावी लावण्याआधी पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा. प्लग वायरचा क्रम १-३-२.

पहिली चावी

प्लग काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. कोरड्या बेअरिंगवर इंजिन सुरू करू नका. मग प्लग लावून स्टार्ट. सुरुवातीला थोडा धूर येतो, तो लावलेल्या ऑइलचा असतो. पहिले हजारेक किलोमीटर एकाच स्पीडला रेटू नका, मोठ्या गिअरमध्ये इंजिनला घरघरायला लावू नका, आणि पहिलं ऑइल लवकर बदला. जुनं ऑइल गटारात नाही, गॅरेजच्या पिंपात.

आमच्या गाडीचा निळा धूर बंद झालाय. बाबा अजून दर सकाळी डिपस्टिक बाहेर काढून बघतात, आणि मला ते आवडतं.

तुमच्या घरी अशी गाडी उभी असेल तर इंजिन लगेच खोलू नका. एक कॉम्प्रेशन गेज मिळवा, तिन्ही आकडे कागदावर लिहा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात कार्ब्युरेटर उघडू. भेटूया!