पती-पत्नींचे रक्तगट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विवाह जुळविताना पत्रिकेबरोबर रक्तगटाचा दाखलाही मागण्याची प्रथा आपल्याकडे आता रूढ होऊ लागली आहे. ही चौकशी मुळात स्वागतार्ह असली, तरी तिच्या पोटी जे भय जन्मास येते आणि ज्यापायी सर्वस्वी अनुरूप अशी स्थळे नाकारली जातात, त्याला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : पती-पत्नींचा रक्तगट एकच असल्यास संतती सदोष निपजते.

वस्तुस्थिती : कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ज्यांचे वर्णन केले ते रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट द्रव्यांवरून ठरणारे भेद होत, ते दोघांचे सारखे असल्याने गर्भास कोणताही अपाय संभवत नाही. नक्षत्रावरून ठरणारी ‘एकनाडी’ म्हणजेच समान रक्तगट, हे समीकरणही निराधार आहे. आनुवंशिक रोगांची धास्ती असेल, तर दोघेही थॅलसेमियाचे वाहक नाहीत ना, याची खातरजमा स्वतंत्र तपासणीने करावी. रक्तगटावरून ती होत नाही.

गैरसमज : दोघांपैकी कोणीही ‘निगेटिव्ह’ असले, की धोका ठरलेलाच.

वस्तुस्थिती : आर-एच घटकाचा प्रश्न माता निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल तेव्हाच उद्भवतो. पती निगेटिव्ह व पत्नी पॉझिटिव्ह असल्यास या बाबतीत चिंतेचे कारण नाही. पत्नी निगेटिव्ह असून पतीही निगेटिव्ह असल्यास मूल निगेटिव्हच होते. आणि पती पॉझिटिव्ह असूनही त्याच्या ठायी निगेटिव्हचे एक जनुक असेल, तर मूल निगेटिव्ह होण्याची शक्यता निम्मी असते. आपल्या देशात निगेटिव्ह व्यक्तींचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आहे.

गैरसमज : पहिले मूल सुखरूप झाले, म्हणजे पुढे काळजी नको.

वस्तुस्थिती : खरी मेख येथेच आहे. गर्भाचे व मातेचे रक्त एरवी वेगळे राहते. परंतु प्रसूतिसमयी वार सुटताना गर्भाचे थोडे रक्त मातेच्या रक्तात मिसळते, आणि तिचे शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करू लागते. तोवर पहिले मूल बहुधा जन्मलेले असल्याने ते बचावते. मात्र पुढील गर्भ पॉझिटिव्ह असल्यास ही प्रतिद्रव्ये वारेतून पलीकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात, आणि तीव्र रक्तक्षय, मेंदूस इजा करणारी कावीळ, प्रसंगी गर्भाचा मृत्यू, असे परिणाम ओढवतात. गर्भपात, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, पोटावर बसलेला मार किंवा पूर्वी चुकीने मिळालेले पॉझिटिव्ह रक्त यांनीही हाच अनर्थ घडू शकतो. म्हणून गर्भपाताची गोष्ट संकोचापायी डॉक्टरांपासून दडवून ठेवणे हे पुढच्या अपत्याच्या जिवावर बेतू शकते.

गैरसमज : या अवस्थेवर इलाज नाही.

वस्तुस्थिती : १९६८ साली वापरात आलेल्या अँटी-डी इंजेक्शनाने हे संकट जवळजवळ हटविले आहे. आधी ‘इनडायरेक्ट कूम्ब्स’ चाचणी करून मातेच्या रक्तात प्रतिद्रव्ये नाहीत ना, ते पाहतात. नसल्यास अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा, आणि मूल पॉझिटिव्ह निपजल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा, हे इंजेक्शन देतात. गर्भपातानंतरही तीच मुदत पाळावी, आणि प्रत्येक गरोदरपणी ही तजवीज नव्याने करावी. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली, की मात्र इंजेक्शन निरुपयोगी ठरते. तरीही १९६३ साली न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी गर्भाला पोटातच रक्त देण्याची जी वाट दाखविली, तिने अशीही बालके वाचविता येतात.

गैरसमज : मातेचा गट ओ आणि मुलाचा ए किंवा बी असल्यास तितकाच धोका असतो.

वस्तुस्थिती : अशा बालकास, अगदी पहिल्यालाही, कावीळ होऊ शकते, पण ती बहुधा सौम्य असून दिव्याच्या उपचाराने उतरते. जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत अंग पिवळे दिसल्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

तात्पर्य, रक्तगट हे स्थळ नाकारण्याचे कारण नव्हे. तो विचारण्याची योग्य वेळ गरोदरपणातील पहिल्या तपासणीची. तो कार्डावर नोंदवून घ्यावा, आणि पत्नी निगेटिव्ह असल्यास अँटी-डीची व्यवस्था कशी केली आहे, हा प्रश्न पतीनेच आपण होऊन डॉक्टरांस विचारावा.