‘शुक्रतारा’ की ‘भातुकली’?

कल्याणात पारनाक्यापासून टिळक चौकापर्यंतच्या जुन्या घरांत हा वाद अजून रंगतो. भावगीतगायक अरुण दाते यांचं सर्वांत सुरेल गाणं कोणतं? एका पक्षाला ‘शुक्रतारा’च हवं: मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रा, साल १९६२. दुसरा पक्ष संगीतकार यशवंत देवांचा. त्याच्यासाठी ‘भातुकलीच्या खेळामधली’ आणि ‘या जन्मावर’ यांपुढे काहीच नाही.

वाद ‘अल्बम’चा नव्हे, गाण्यांचा, त्यालाही कारण आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. दीर्घ तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसत, पण भावगीत घरोघरी पोचलं ते आधी आकाशवाणीवरून, एकेक सुटं. कॅसेट आल्यावर गाणी एकत्र आली, आणि ज्याच्या घरी जी कॅसेट, त्याची आवडही तीच ठरली.

माझं मत खळ्यांकडे झुकतं. ती चाल ऐकायला सोपी, गायला अवघड. दात्यांच्या आवाजातला तो हलका कंप तिथे शोभून दिसतो. जुनी तबकडी लावली की आधी सुईची खरखर येते, मग वाद्यं, मग तो आवाज. तेवढ्यापुरते दोन्ही पक्ष गप्प होतात.

इंदूरला १९३४ साली जन्मलेले, पेशाने वस्त्रोद्योगातले अभियंता असलेले दाते २०१८च्या मे महिन्यात गेले. ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले.