फाळक्यांची विलायतवारी आणि आपला अभ्यासदौरा



गळीत हंगामाची धांदल आटोपली, कारखान्याचा भोंगा थंडावला, की सभासदांना अभ्यासदौऱ्याचे वेध लागतात. कुणी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला जातो, कुणी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर, तर कुणी थेट कोइमतूरला. परमुलुखात पाऊल टाकले की पहिल्या दिवशी डोळे भिरभिरतात. भाषा कळत नाही, जेवण रुचत नाही, बाजारपेठ मात्र फार आवडते! असे व्हायचेच. प्रश्न एवढाच, की परतताना पिशवीतून काय येते? साड्या आणि फोटो, की आपल्या रानात उतरवता येईल अशी एखादी गोष्ट?

या बाबतीत मुंबईच्या एका उद्योगी माणसाची विलायतवारी सांगण्याजोगी आहे. हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात. पुढे छपाईच्या धंद्यात पडले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याचा धडा त्यांनी आधीच गिरवला होता. पण भागीदारांशी पटले नाही आणि धंदा सुटला. वय चाळिशीचे, पदरी संसार, हातात काम नाही.

अशा दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतो-बोलतो, मग आपले राम-कृष्ण का नाही? या विचाराने त्यांना झपाटले. मिळेल तो चित्रपट ते पाहू लागले. पाहून पाहून डोळे बिघडले, काही काळ दिसेनासेही झाले. औषधपाण्याने नजर परत आली, तरी नाद सुटला नाही. शेवटी विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते बोटीत बसले.

त्या काळी बोटीने सुएझच्या कालव्यातून विलायत गाठायला दोन-तीन आठवडे लागत. लंडनमध्ये ना नातलग, ना ओळखदेख. थंडीचे दिवस, अफाट शहर आणि खिशात कर्जाचे पैसे. दुसरा एखादा गोंधळून गेला असता. फाळक्यांच्या नजरेला मात्र पिकॅडिली भागात एक पाटी पडली. 'बायोस्कोप' नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाची ती कचेरी होती. हे साप्ताहिक ते मुंबईत वर्गणी भरून मागवत असत. सरळ आत जाऊन त्यांनी संपादकांना आपला हेतू सांगितला.

संपादकांनी आधी काय केले असेल? परावृत्त केले! इथलेच कितीतरी निर्माते बुडालेत, शिवाय तुमच्या हिंदुस्थानच्या हवेत हे जमायचे नाही, असा त्यांचा सल्ला. मंडळी, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? "आमच्याकडे ठीक आहे हो, पण तुमच्या जमिनीत हे चालायचं नाही." दौऱ्यावर गेलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेले असते.

फाळके हटले नाहीत. त्यांची तळमळ पाहून त्याच संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. वॉल्टन गावच्या स्टुडिओत हेपवर्थनी त्यांना सगळे विभाग मोकळेपणी दाखवले. चित्रण कसे करतात, फिल्म कशी धुतात, सारे त्यांनी नीट पाहून घेतले. मग सल्ल्यानेच विल्यमसन कॅमेरा घेतला, कोरी फिल्म आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र मागवले. जाणे-येणे धरून सारे दोन महिन्यांत उरकून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परत.

खरी गंमत पुढेच आहे. चित्रपट काढायला भांडवल हवे आणि नुसत्या गोष्टींवर सावकार विश्वास ठेवत नाही. तेव्हा फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला! समोर कॅमेरा मांडून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभरात कोंब कसा आला, वेल कसा चढला, ते पडद्यावर क्षणात दिसू लागले. ही इवलीशी फिल्म पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णींसारख्या जाणकारांनी पैसा दिला. आधी कुंडीत प्रयोग, मग कर्ज. आपण काय वेगळे सांगतो?

घरच्या लक्ष्मीची साथही मोठी. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या आणि कंपनीच्या साऱ्या माणसांना रांधून वाढले. दादरला 'राजा हरिश्चंद्र'चे चित्रण झाले. स्त्रिया पडद्यावर यायला तयार होईनात, तेव्हा हॉटेलातला स्वयंपाकी अण्णा साळुंके तारामती झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि लोकांची झुंबड उडाली. दादरला त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळक्यांचेच नाव आहे. १९१४ साली आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून चित्रपट काढा, अशी बोलावणी आली, पण त्यांनी ती नाकारली. धंदा आपल्याच मातीत रुजवायचा, हे त्यांचे ठरलेले होते.

योगायोग पाहा. फाळके विलायतेला गेले त्याच १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. आज आपल्या शिवारात डोलणारा को ८६०३२ तिथलाच. म्हणजे बाहेरून आणलेले आपल्या मातीत रुजते, याचा पुरावा बांधावरच उभा आहे.

तेव्हा यंदा दौऱ्यावर जाणाऱ्या सभासदांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. निघण्याआधी एकच प्रश्न ठरवा : खोडवा सुधारायचा, ठिबकची खते बसवायची, की एक डोळ्याची रोपे करायची. तिथे साहेबांशी बोला, पण पाणी देणाऱ्या मजुराशीही बोला. "तुमच्याकडे चालणार नाही" असे कुणी म्हटले, तर का चालणार नाही ते विचारून वहीत टिपा. आणि परत आल्यावर सगळे रान डावाला लावू नका. पाच-दहा गुंठ्यांत करून पाहा, आजूबाजूच्यांना बांधावर बोलावून दाखवा. दौऱ्याला जोडीने गेलात तर आणखी उत्तम. घरधनिणीला पटलेली गोष्ट शेतात टिकते.

फाळक्यांच्या मागे ना सोसायटी होती, ना जिल्हा बँक, ना कारखाना. घरच्या पॉलिश्या आणि बायकोचे दागिने एवढेच भांडवल. आपल्या मागे सहकार उभा आहे. मग आपली कुंडी रिकामी का असावी? आल्या आल्या गट ऑफिसात नाव नोंदवा. प्लॉटची आखणी करायला आमची माणसे बांधावर येतील.