सांभाळायला घेतलेले मूल

तरवा काढून लावणी केली की भाताचे रोप काही दिवस पिवळे पडते, मान टाकते. म्हणून कोणी शेतकरी ते उपटून फेकीत नाही. मूळ धरेपर्यंत पाणी सांभाळतो. घर तुटलेल्या मुलाचेही असेच आहे.

गोव्यातील जुन्या घरांतून ‘पोसकें’ ठेवण्याची रीत होती. काहींना माया मिळाली. पुष्कळांच्या वाट्याला मात्र चूल नि भांडी आली. ती रीत आता नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालनाची सोय आहे. यात मूल दत्तक जात नाही, दुसऱ्या कुटुंबात वाढते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घराची चौकशी करतो व निर्णय बाल कल्याण समिती देते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३५ ते ६० वर्षांच्या एकट्या व्यक्तीसही अर्ज करता येतो; मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. परस्पर मूल आणून घरी ठेवू नये.

मार व उपासमार सोसलेले मूल उशीखाली भाकरी लपविते, खोटे बोलते, वस्तू फोडते, अंथरूण ओले करते. हा वाईट स्वभाव नव्हे, भीती आहे. त्यावर काही साधे उपाय :

१) जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा रोज त्याच ठेवा.

२) भाकरीची टोपली त्याच्या हाताशी ठेवा. पोटाची खात्री पटली की लपविणे हळूहळू कमी होते.

३) अंथरुणावरून लाजवू नका. बद्धकोष्ठ किंवा लघवीचा विकार आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या.

४) राग आला असता हात उगारू नका. जवळ बसा, आवाज खाली ठेवा, शांत झाल्यावरच बोला.

५) आईबापांची निंदा त्याच्यादेखत करू नका.

६) घरच्या मुलांनाही वेगळा वेळ द्या, नाहीतर त्यांच्या मनात मत्सर रुजतो.

मूल झोपत नसेल, स्वतःला इजा करीत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर दृष्ट काढीत बसू नका. मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. ‘टेलि-मानस’ ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा रात्रंदिवस मोफत आहे. मूल संकटात असल्यास १०९८.

आपण सर्वांनीच असे मूल घरी आणावे असे नाही. पण शेजाऱ्याने आणले तर त्याला ‘पोसकें’ म्हणून हाक न मारणे, एवढे तरी आपल्या सर्वांच्या हाती आहे.